हात वर गेले तेव्हा

बोरमाळ, पो. हसनाबाद
६ जानेवारी १९७४

भिवाला राधाकिसनाचा राम राम.

परतूरला सुट्टीवर गेलास आणि आम्हाला साफ विसरलास. बहिणीच्या हातच्या गरम भाकरी खाऊन अंग धरलं असशील. आता बातमी ऐक आणि खाटेवरून खाली पडू नकोस. आपली टोळी बोरमाळला आली आहे. माझ्या गावाला! इतकी वर्षं तू आणि मी दुसऱ्यांच्या गावात खांब उभे केले, तारा ओढल्या, लोकांच्या घरात लाइट लागली की टाळ्या ऐकून पुढच्या गावी गेलो. आणि माझा बाप अजून रॉकेलच्या चिमणीपाशी बसून मेंढरांच्या पायातले काटे काढतो. आता ते संपलं म्हणायचं.

खांब झाले, तारा झाल्या. ट्रान्सफॉर्मर तेवढा चढवायचा राहिलाय. गावाबाहेर मेंढ्या बसवतात त्या मोकळ्या जागेत जोडखांब उभा केला आहे आणि त्यावर लोखंडी चॅनेलही आडवे बसवलेत. गुत्तेदार तातेराव म्हणतो, ओढायला गावचीच माणसं लावा, बाहेरून आणायची काय गरज? त्याचं ते नेहमीचंच. मी कबूल झालो, पण तोंडावर सांगितलं की दोर आवळायच्या खुंट्यावर भिवा नसेल तर मी वर चढणार नाही. खाली दोर तुझ्याकडे असला की मला वर झोपसुद्धा लागेल.

बापाला तर काही सुधरत नाही. जो भेटेल त्याला सांगतो, "माझा राधाकिसन गावात लाइट आणून राह्यला." रविवारीच चढवा म्हणून हटून बसला. खंडोबाचा वार ना! तातेरावानेही २७ तारीख धरली आहे.

एक आधीच सांगून ठेवतो. तुला घरात आत बसवून जेवू घालणं म्हाताऱ्याच्या जिवावर येईल. ओट्यावर ताट मांडू. मीही तुझ्यासोबत ओट्यावरच बसेन. राग मानू नकोस, आणि मानायचाच असला तर इथे येऊन मान.

तुझा
राधाकिसन

*

परतूर
११ जानेवारी १९७४

राधाकिसनास जय भीम.

तू राम राम घाल, मी जय भीम घालतो, पोस्टमन दोन्ही एकाच थैलीत आणतो. त्याला काही होत नाही.

तुझ्या गावाला लाइट येते हे वाचून खरंच बरं वाटलं. ओट्याचं कळलं. मी भाकरी बांधून आणतो, तूच माझ्यासोबत खांबाखाली बस. रागाचं म्हणशील तर तो एवढ्या जुन्या गोष्टीचा आहे की तुझ्या एका पत्राने वाढत नाही आणि कमीही होत नाही.

आता कामाचं बोल. चेनपुली कुठे आहे? पत्रात कुठेच दिसली नाही. तातेरावाच्या मागे लाग. साखळीची पुली असली की दोन माणसं निवांत ओझं चढवतात आणि मध्येच हात सोडला तरी ओझं आहे तिथेच राहतं. दोराचं तसं नाही. दोर हातातून गेला की गेला. तुझ्या गावची माणसं ताकदीची असतील, पण त्यांनी आयुष्यात कधी असं ओझं दोराने वर चढवलेलं नाही. त्यांना आधी नुसता दोर ओढायला शिकव. आवाज एकाचाच. मी "हां" म्हणेन तेव्हा ओढायचं, "बस" म्हणेन तेव्हा धरून उभं राहायचं. बाकी कोण काय ओरडतं तिकडे कान द्यायचा नाही. हे त्यांना दहा वेळा सांग.

जिच्या भाकरींचं तू लिहिलंस त्या बेबीनंदाची इथे शाळेत नोकरी पक्की झाली. आता ती मलाही वर्गातल्या पोरासारखं दटावते. विचारते आहे की लाइट लागल्यावर तुझा बाप पहिल्यांदा काय बघेल? मी म्हटलं, दुसरं काय बघणार, मेंढरं मोजेल.

२५ ला निघतो.

भिवा

*

बोरमाळ
२० फेब्रुवारी १९७४

भिवा,

कसा आहेस हे विचारायला पेन उचलतो आणि पुन्हा खाली ठेवतो, असं बरेच दिवस चाललंय. औरंगाबादला दवाखान्यात दोनदा येऊन गेलो. एकदा तुला झोप लागली होती, एकदा तुला आत नेलं होतं असं म्हणाले. मग परत आलो.

इकडे ठीक आहे. ट्रान्सफॉर्मर खाली उतरवून ताडपत्रीने झाकून ठेवलाय. तातेराव दोन दिवस आला नाही, नंतर आला तो सगळ्यांना धीर देत फिरला. त्या दिवसाबद्दल जो तो आपापलं सांगतो. कोणी म्हणतं दोर जुना होता, कोणी म्हणतं खुंट्यापाशी माती भुसभुशीत होती. मी कोणाला काही बोलत नाही. फार वाईट झालं, पण ते कोणाच्या हाती नव्हतं.

म्हातारा जेवत नाही. तुझं नाव निघालं की उठून मेंढरांकडे जातो.

हाताचं काय म्हणतात डॉक्टर? बेबीनंदाताईला सांग, दोन ओळी लिहून कळव म्हणावं. माझा जीव लागून राहिला आहे.

राधाकिसन

*

औरंगाबाद, सरकारी दवाखाना
२ मार्च १९७४

राधाकिसनास जय भीम.

अक्षर बेबीनंदाचं आहे, बोलणं माझं. मास्तरीण असल्यामुळे ती माझं बोलणं दुरुस्त करते, तेवढं सोसून घे.

तू दोनदा आलास म्हणतोस. बेबी पहिल्या दिवसापासून माझ्या उशाशी आहे. तिला तू दिसला नाहीस. असू दे, दवाखाना मोठा आहे.

कोणाच्या हाती नव्हतं असं लिहिलंस. त्या दिवशीचं तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून मी एकदा सांगतो. बेबीलाही ते कोणीतरी नीट सांगायला हवं.

चेनपुली आलीच नाही. तातेराव म्हणाला, ती दुसऱ्या कामावर गेली, एवढी माणसं आहेत तर दोरानेच घ्या. तेव्हा तू आणि मी दोघंही गप्प बसलो. वरच्या कप्पीतून दोर खाली आला, खांबाच्या बुडाच्या कप्पीतून आडवा होऊन तुझ्या गावच्या लोकांच्या हातात गेला, आणि त्यांच्या मागे शेवटचं टोक खुंट्यावर माझ्याकडे. तुझी माणसं कामाला वाघ आहेत, खोटं कशाला बोलू? मी "हां" म्हटलं की ओढत, "बस" म्हटलं की थांबत. दर ओढीला जो दोर मोकळा येई तो मी खुंट्याला गुंडाळून आवळत होतो. ट्रान्सफॉर्मर चॅनेलच्या बरोबरीला आला. तू वर उभा होतास, पाय चॅनेलवर, हात त्याच्या अंगाला. अजून एक ओढ बाकी होती. मी "हां" म्हटलं, त्यांनी ओढलं, आणि तुझ्या बापाला वाटलं की चढला. त्याने भंडारा उधळला आणि ओरडला, "येळकोट येळकोट!"

दोरावरच्या एकानेही ठरवून दोर सोडला नाही. लहानपणापासून हा आवाज कानावर पडला की "जय मल्हार" म्हणून त्यांचे हात वर जातात. तसे ते गेले. सगळ्यांचे गेले. माझे गेले नाहीत, कारण तो आवाज माझा नाही.

मी मोकळा दोर गुंडाळत होतो तेव्हाच दोर पळाला. हात काढून घ्यायला वेळ होता. पण मग फेरे उलगडले असते आणि ते सगळं ओझं तुझ्या पायांवर आलं असतं. मी दोन्ही तळहातांनी दोर खुंट्यावर दाबून धरला. दोराने हात तिथेच आवळले. ट्रान्सफॉर्मर हातभर खाली आला आणि थांबला.

उजवा हात मनगटाच्या वर कापला. डाव्याचा अंगठा आणि शेजारचं बोट राहिलं. पहिल्या दिवशी डॉक्टर बेबीवर चिडले, जखमेत हळद कोणी भरली म्हणून. हळदच होती ती. पण कोणी भरली नव्हती.

आता मुद्द्याचं. तातेरावाने लिहून दिलंय की भिवाने दोर सोडला. त्यावर जालन्याला चौकशी होणार आहे. चौकशीचे साहेब इथे येऊन गेले. म्हणाले, तुझी चूक नाही असं ठरलं तर गुत्तेदाराला तुला कामावर ठेवावं लागेल, त्याच्या जालन्याच्या गोदामावर चौकीदार म्हणून. चूक ठरली तर काहीच नाही. राधाकिसन, दोन बोटांच्या माणसाला दुसरं कोण उभं करणार? बसून राखण करणं एवढं एकच काम मला आता जमेल. बेबीच्या भाकरीवर जन्म काढायची माझी इच्छा नाही.

तू वरून सगळं पाहिलंस. पाहिलं तेवढंच सांग.

भिवा

वरचं दादाने सांगितलेलं. आता माझं. राधाकिसनभाऊ, तो दिवसा सगळ्यांना हसवतो. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा त्याच्याशिवाय औषध घेत नाही. पण काल त्याने पाणी प्यायला सवयीने उजवा हात पुढे केला आणि नंतर किती वेळ भिंतीकडे तोंड करून पडला. तुम्ही या. — बेबीनंदा

*

बोरमाळ
१५ मार्च १९७४

भिवा,

तुझं पत्र मी मेंढवाड्यात बसून वाचलं, घरात वाचवेना. तू लिहिलंस ते शब्दाशब्दाने खरं आहे. माझे पाय आज जागेवर आहेत ते कोणामुळे, हे मी मेलो तरी विसरणार नाही.

पण इथलं तुला सांगायला पाहिजे. गावात बैठक झाली. दोरावरची सगळी माणसं होती. सर्जेराव सगळ्यांत वडील, तो म्हणाला, "आपण त्या पोराचं वाईट करून न्हाई राह्यलो. पण सायेब कागदावर लिहीन की येळकोट झाला म्हणून माणसाचा हात गेला. देवाचं नाव असं कचेरीत लावायचं का? मंग जेजुरीला कोणत्या तोंडानं जायचं?" सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी ओरडलंच नाही, असं सांगायचं ठरलं. भंडारा हातात घेऊन ठरलं. दुसरा कोणी म्हणाला, तक्रार वाढली तर लाइटच परत नेतील. तसं होत नाही हे मी सांगितलं, पण कोण ऐकतो?

म्हातारा सगळा वेळ हातातल्या भंडाऱ्याकडे बघत होता. घरी आल्यावर म्हणाला, "म्या काय मुद्दाम वरडलो का रे? पोटातून आलं ते. तू वर उभा व्हता, मला वाटलं माझ्या पोरानं गड जिंकला." मग रडला. माझ्या बापाला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. आई गेली तेव्हाही तो रडला नव्हता.

तू काळजी करू नकोस. मी येतो. गाव एकीकडे आणि माझं डोळ्यांनी पाहिलेलं एकीकडे. थोडं धीराने घ्यावं लागेल एवढंच.

राधाकिसन

*

परतूर
२८ मार्च १९७४

राधाकिसनास जय भीम.

घरी आलो. गल्लीतली सगळी माणसं बघून गेली. प्रत्येक जण पहिल्यांदा बाहीकडे बघतो आणि मग माझ्या तोंडाकडे. मी आता बाहीच आधी पुढे करतो, म्हणजे त्यांचा खोळंबा होत नाही.

दोन बोटांत काय काय धरता येतं ते शिकतोय. विडी येते. पेला अर्धा भरलेला असला तर येतो. शर्टाची गुंडी येत नाही. बेबी शाळेत जाण्याआधी गुंड्या लावून देते, आणि मला ते पोरासारखं उभं राहून लावून घ्यावं लागतं. तिने पहिल्यांदा लावल्या तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

तुझ्या गावाच्या बैठकीचं वाचलं. मला तुमच्या देवाशी भांडायचं नाही. सर्जेरावाला सांग, कोणाचं नाव घेऊ नकोस, राधाकिसनाच्या बापाचंही नको. "आवाज झाला आणि दोर सुटला, भिवाने धरून ठेवला," एवढं म्हटलं तरी माझं काम होतं. कोणाचा आवाज, कसला आवाज, हे मला नको आहे. माझ्या जबाबातही मी फक्त आवाज झाला एवढंच सांगणार आहे. इतकं तर देवालाही चालेल.

चौकशी १० एप्रिलला आहे, जालन्याला. आम्ही सकाळच्या गाडीने स्टेशनवर उतरू. तू भोकरदनहून एस.टी.ने ये. आधी चहा घेऊ, मग आत जाऊ. तू सोबत असलास की मला तिथल्या खुर्च्यांची भीती वाटणार नाही.

गोदामाचीही चौकशी केली. तिथे फाटकापाशी एक खोली आहे म्हणे, चौकीदाराला राहायला. बेबीने त्यात पडदा कुठे लावायचा तेही ठरवलं.

भिवा

*

बोरमाळ
१६ एप्रिल १९७४

भिवा,

जालन्याला चहाला भेटता आलं नाही. एस.टी. वाटेत बंद पडली, मी पोचलो तेव्हा तुझा जबाब होऊन गेला होता आणि मला थेट आत बोलावलं. निघतानाही घाई झाली. शेवटची गाडी चुकली असती म्हणून मागच्या दारानेच स्टँडकडे पळालो. तू बाहेर व्हरांड्यात बसला होतास असं नंतर शिपायाने सांगितलं.

जे सांगायचं ते सांगितलं. साहेब भला माणूस वाटला. त्याने सगळं लिहून घेतलं, माझी सही घेतली. आता त्याच्या मर्जीवर.

म्हातारा माझ्यासोबत आला होता. पूर्ण वेळ एस.टी. स्टँडवर बसून होता, काही खाल्लं नाही.  

तब्येतीला जप.

राधाकिसन

*

परतूर
२४ एप्रिल १९७४

राधाकिसनास जय भीम.

तुझं पत्र बेबीने वाचून दाखवलं, आणि मी ते तिला पुन्हा वाचायला लावलं. तू मागच्या दाराने गेलास हे तिला खटकलं होतं. मी म्हटलं, त्याची गाडी होती, आणि सोबत बाप होता. आता ती शांत आहे.

तू केलंस ते सोपं नव्हतं, हे मला कळतं. गावाने भंडाऱ्यावर हात ठेवून ठरवलेलं, त्याविरुद्ध एकट्याने उभं राहायचं आणि घरी त्याच गावात परत जायचं. मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं कोण जाणे. दोस्त म्हणून तू माझं नाव राखलंस. हात गेला त्याचं मी बघून घेईन, पण दोर सोडणारा म्हणून जगणं मला झेपलं नसतं.

एक सांगायचं राहिलं. साहेब मला म्हणाले की निकाल जून महिन्यात लागेल. तोवर कोणाला आणखी काही आठवलं, काही सांगायचं राहिलं असं वाटलं, तर केव्हाही येऊन सांगता येईल, कागद अजून उघडा आहे. तुला सहज कळवून ठेवतो. तू तर सगळं सांगितलंच आहेस.

वैशाखी पौर्णिमेला आमच्याकडे खीर असते. येणार का? आत बसून खायची. आमच्याकडे ओटा नाही.

भिवा

*

परतूर
१२ जून १९७४

राधाकिसनभाऊ,

हे पत्र दादाने सांगितलेलं नाही. त्याला माहीतही नाही. तुम्ही वाचा आणि जाळून टाका.

खिरीला तुम्ही आला नाहीत. पत्राचं उत्तर नाही. दादा म्हणायचा, कामात असेल. काल निकाल होता. दादाला ताप होता म्हणून मी एकटीच जालन्याला गेले. साहेबांनी सगळ्यांचे जबाब वाचून दाखवले. गावच्या माणसांचे सगळे एकाच साच्यातले होते, त्यांच्याकडून माझी दुसरी अपेक्षा नव्हती. मग तुमचा वाचला. "मी वर कामात होतो. खाली काय झालं ते पाहिलं नाही. कोणी ओरडल्याचं ऐकलं नाही. दोर खुंट्यावरून सुटला असावा." खाली तुमची सही.

खुंट्यावर कोण होतं, भाऊ?

साहेबांनाही वाईट वाटलं असावं. म्हणाले, वर असलेला माणूसच असं सांगतो, तर मी काय करू? दादाची चूक ठरली. नोकरी नाही. गोदामावर तातेरावाने आपल्या मेहुण्याला ठेवलंसुद्धा. त्या फाटकासमोरून मी स्टेशनला आले.

गाडीत बसल्यावर मला एकच विचार होता, घरी जाऊन याला काय सांगू? त्याच्याकडे आता काय उरलं आहे? हात नाही, काम नाही, लग्नाचं बोलणं चाललं होतं ते लोक येईनासे झाले. दिवसभर तो दारात बसतो, आणि कोणी विचारलं की अभिमानाने सांगतो, "माझा दोस्त सगळ्या गावाच्या विरोधात उभा राह्यला." एवढ्यावर तो दिवस काढतो. तेही मी काढून घेऊ?

मी खोटं सांगितलं. म्हटलं, राधाकिसनभाऊंनी सगळं खरं सांगितलं, पण एका माणसाच्या शब्दापुढे सगळ्या गावाचा शब्द जड ठरला. तो म्हणाला, "मंग त्याचा काय दोष."

मी शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवते. तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी हे खोटं मी जन्मभर सांभाळीन. पण तुम्हालाही ते सांभाळावं लागेल. त्याला पत्र लिहा. तुम्ही सांगितलंत आणि साहेबाने ऐकलं नाही, असं लिहा. आणि लिहीत राहा. गप्प बसायची सवलत आता तुम्हाला नाही.

मला तुमचा फार राग आहे. तो कधी जाईल असं वाटत नाही.

बेबीनंदा

*

बोरमाळ
२५ जून १९७४

भिवाला राधाकिसनाचा राम राम.

निकाल कळला. काय लिहू? मी सगळं सांगितलं होतं. आवाज झाला, हात वर गेले, तू धरून ठेवलंस, सगळं. साहेबाने मानलं नाही. एकट्याच्या बोलण्याला किंमत नसते हे आपल्याला आधीच कळायला हवं होतं.

गावात आता मला कोणी नीट बोलत नाही. तेही चालायचंच.

ट्रान्सफॉर्मर गेल्या महिन्यात चढला. चेनपुली आली होती. दोन माणसांनी चढवला, कोणाला बोलवावंही लागलं नाही. लाइट लागली. आमच्या घरात एक दिवा ओसरीत आणि एक आत आहे. म्हातारा ओसरीतला लावू देत नाही. तो संध्याकाळी चिमणी घेऊन मेंढरांत जातो आणि तिथेच निजतो. परवाच्या रविवारी देवळात येळकोट झाला तेव्हा सगळ्यांचे हात वर गेले, त्याचे गेले नाहीत. त्याने ते काखेत दाबून धरले होते. हे खरं आहे, भिवा, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मी टोळी सोडली. वर चढवत नाही. आता मेंढरांमागे जातो.

खिरीला येता आलं नाही, पुढच्या वर्षी नक्की येईन. तुझ्यावर काय बेतलं याचा मला रोज त्रास होतो. तेवढं तरी मान.

तुझा
राधाकिसन

*

परतूर
२० जुलै १९७४

राधाकिसन,

हे अक्षर माझं आहे. दोन बोटांनी काढलंय, म्हणून बेढब आलंय. एवढंसं लिहायला आठवडा लागला, बेबी शाळेत गेली की काढतो आणि ती यायच्या आत गादीखाली सारतो. स्टेशनवरच्या पेटीत मी स्वतः जाऊन टाकीन.

जालन्याला मी व्हरांड्यात ज्या बाकावर बसलो होतो, त्याच्या डोक्यावर खिडकी होती. उन्हाळा होता. उघडी होती. तुझा आवाज मी इतकी वर्षं खांबावरून खाली ऐकत आलो, खिडकीतून ओळखायला वेळ लागला नाही. "दोर खुंट्यावरून सुटला असावा" हे तू दोनदा म्हणालास. साहेबाला पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नव्हतं.

बेबी तेव्हा पाणी आणायला गेली होती. ती आली तेव्हा मी तिला काही बोललो नाही.

मग तुझं पत्र आलं. मी तुला एप्रिलमध्ये ते शाबासकीचं उत्तर बेबीकडून लिहून घेतलं, ते काही मी खुळा झालो म्हणून नाही. कागद अजून उघडा होता. मला वाटलं, एवढं चांगलं बोललं तर तुला बसवणार नाही, तू जाशील आणि सांगशील. रोज वाटायचं, आज गेला असेल. निकालाच्या आदल्या दिवसापर्यंत वाटत होतं. तापबीप काही नव्हता, जाववत नव्हतं म्हणून मी निजून राहिलो.

मला तुझा राग येतो की नाही, हे मी नीट शोधून पाहिलं. बापाला वाचवलंस, त्याचा येत नाही. माझाही बाप असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. येतो तो त्या शेवटच्या वाक्याचा. पाहिलं नाही म्हणून थांबला असतास तरी चाललं असतं, संशयाचा फायदा देऊन का होईना साहेबांनी मला ठेवलं असतं. ते एक वाक्य कोणी मागितलं नव्हतं. तेवढं तू आपल्या मनाने घातलंस.

कागद आता बंद झाला. तू आता गेलास तरी काही होणार नाही. जाऊ नकोस.

तरी लिहायला बसलो, कारण बेबी. ती जालन्याहून आली तेव्हा तिचं तोंड बघितलं असतंस. चपला न काढता माझ्यापाशी येऊन बसली आणि तुझ्याबद्दल एवढं चांगलं खोटं बोलली, की मला तिच्यासमोर रडता येईना. तिला वाटतं, मला माहीत नाही. या घरात तिने माझ्यासाठी जपलेली ती एक वस्तू आहे. ती मी फोडणार नाही.

म्हणून तुला पत्रं लिहावी लागतील. दर महिन्याला एक. मेंढरांचं लिही, हसनाबादच्या बाजाराचं लिही, काहीही लिही. बेबी ती मला वाचून दाखवेल आणि मी प्रत्येक वेळी तिला म्हणेन, असा दोस्त मिळायला नशीब लागतं.

भिवा